तुलनेचं गाव

मोठ्या बाई आमच्या चुलीपुढे बसल्या आणि उठायला तयार होईनात. ओट्यावरून परचुरे मॅडम दोनदा म्हणाल्या, आता बाहेर या, तुम्हाला त्रास होईल. बाई नुसता हात वर करून त्यांना थांबवत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर नाकाशी धरलेला होता आणि खोकल्याची उबळ आली की त्या पुढे वाकत होत्या. समोर माझी वहिनी, हौसा, नागलीच्या भाकरी थापत होती. पाहुण्या बाईंसमोर कसं खोकायचं म्हणून ती आपला खोकला आतल्या आत दाबत होती. ते मला दारातून दिसत होतं.

फेब्रुवारीचे दिवस होते. लाकडं वाळलेली होती, म्हणजे खरं तर हा आमचा कमी धुराचा काळ. पावसाळ्यात ओल्या लाकडांनी चूल पेटत नाही, तेव्हा आमच्या घरात एकमेकांचं तोंड दिसत नाही. पण बाईंना तेवढाही पुरला.

मोठ्या बाई म्हणजे इंदिराबेन तुरखिया. मुंबईचं कारखानदारांचं घराणं. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या नावानं एक ट्रस्ट काढला होता आणि त्या ट्रस्टच्या पैशांवर आमच्या डोंगरात संशोधन चाललं होतं. ते करत होत्या पुण्याच्या एका संस्थेतल्या मृणालिनी परचुरे मॅडम. त्यांनी एक लोखंडी चूल बनवली होती. तिला छोटासा पंखा होता, तो छपरावरच्या सौर पत्र्यावर चालायचा. लाकूड निम्मं लागायचं आणि धूर जवळजवळ नाहीच. पण चूल चांगली आहे एवढं म्हणून भागत नव्हतं. धूर गेला की बायकांच्या छातीला खरंच आराम पडतो का, आणि किती पडतो, ते मॅडमना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्यांना दोन सारखी गावं हवी होती. एकात नवी चूल द्यायची, दुसऱ्यात जुनीच ठेवायची आणि दोन वर्षं दोन्हीकडच्या बायका तपासत राहायच्या.

शाळेच्या पटांगणात दोन्ही गावांसमोर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या बोरठाणला चुली मिळाल्या. आमचं खडकओहोळ तुलनेचं गाव झालं. दोन वर्षं पुरी झाली की तुम्हालाही चुली देऊ, असं मॅडमनी त्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवऱ्यानं टाकली म्हणून भावाच्या घरी परत आले होते. दादाला ते आवडलं नव्हतं, गावात तोंड कसं दाखवू म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला आत घेतलंच नसतं. पण हौसावहिनी बाहेर आली, माझं गाठोडं उचललं आणि काही न बोलता आत नेऊन ठेवलं. नंतर मॅडमना गावातली बारावी झालेली बाई हवी होती. तशी मी एकटीच होते, म्हणून मला काम मिळालं. बायकांच्या खांद्याला एक छोटा पंप अडकवायचा, त्याची नळी गळ्यापाशी आणायची आणि दिवसभर त्या ज्या हवेत श्वास घेतात ती त्यात भरू द्यायची. महिन्यातून एकदा त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावायचं, छातीत दम किती राहिला ते बघायला. माझा पगार सुरू झाला तसा दादाचा आवाज उतरला.

तर मोठ्या बाई. त्या सकाळपासून बोरठाणात होत्या. तिथे ओवाळणं झालं, हार झाले, स्वच्छ भिंतींच्या स्वयंपाकघरांत फोटो झाले. मग परत निघताना त्यांनी आपणहून विचारलं, की ते दुसरं गाव कुठे आहे? मॅडमच्या मनात नव्हतं, पण नाही कसं म्हणणार? आणि आमचं घर वाटेवरच पहिलं.

भाकरी झाल्यावर बाई उठल्या. उठताना त्यांनी वहिनीचा पिठाचा हात तसाच हातात धरला. बाहेर येऊन ओट्यावर टेकल्या, बराच वेळ खोकत राहिल्या. मी पाणी दिलं. मग त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "मृणालिनी, इथे पण चुली पाठव. या आठवड्यात. जेवढी घरं असतील तेवढ्या. मी देते."

मॅडम त्यांना अंगणाच्या कडेला घेऊन गेल्या. मी पंप पुसत उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. मॅडम सांगत होत्या, की आज इथे चुली दिल्या तर मागचं सगळं वर्ष फुकट जाईल. निम्मं संशोधन म्हणजे संशोधनच नव्हे, त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण आणखी एक वर्ष थांबलो, तर असा पुरावा हातात येईल की सरकारला तो डावलता येणार नाही. मग या एका गावाला नाही, राज्यातल्या प्रत्येक डोंगरातल्या बाईला चूल मिळेल. मॅडम मनापासून बोलत होत्या. त्यांचे डोळेही भरले होते. मी त्यांना कधीच खोटारडं म्हटलेलं नाही, आजही म्हणणार नाही.

बाई म्हणाल्या, "पण ही आत्ता बसलीय त्या धुरात. तिला विचारलं का तू?"

मॅडम म्हणाल्या, "विचारू या. त्या जे म्हणतील तेच करू."

मग वाडीतल्या बायका बोलावल्या. दुपारची वेळ, बऱ्याच जणी घरी होत्या. आमच्या अंगणात सगळ्या बसल्या. मॅडमनी काहीही लपवलं नाही. आत्ता चुली हव्या असतील तर आठ दिवसांत मिळतील, पण काम मोडेल. थांबलात तर एका वर्षानं मिळतील आणि काम पुरं होईल. निर्णय तुमचा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बायका जमिनीकडे बघत होत्या. आत्ता द्या, असं म्हणावंसं मला फार वाटत होतं. पण मी पगारी होते, माझं बोलणं कुठल्या बाजूचं धरायचं? मी वहिनीकडे बघितलं. सगळ्याच तिच्याकडे बघत होत्या, कारण ती फार बोलणारी नव्हती, आणि बोलली की बायका ऐकायच्या.

वहिनी म्हणाली, "वर्सानं नक्की देनार ना, बाई?"

"माझा शब्द," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझासुद्धा," मॅडम म्हणाल्या.

"मग थांबू आम्ही. एवढी वर्सं काढली, त्यात एक."

मोठ्या बाईंनी तिला जवळ घेतलं. मॅडमनी माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकला. बरोबर बाईंचा मुलगा आला होता, तो इतका वेळ गाडीत बसून फोनवर बोलत होता. निघायची वेळ झाली तेव्हा तो खाली उतरला आणि त्यानं आईला हात देऊन आत बसवलं.

संध्याकाळी आम्ही दोघी झऱ्यावर पाण्याला गेलो. माझा राग मावत नव्हता. मी वहिनीला म्हटलं, तोंडाशी आलेलं का घालवलंस? तुझी छाती कशी वाजते ते मी दर महिन्याला ऐकते.

वहिनीनं हंडा झऱ्याखाली लावला. "यमे, मला आजवर कुनी काय इचारलंच न्हवतं गं. लगीन करू का, न्हाई इचारलं. पोर किती व्हावी, न्हाई इचारलं. आज एवढ्या मोठ्या बायकांनी इचारलं, हौसा, तुझं काय म्हननं हाय. तर त्यास्नी न्हाई कसं म्हनू?"

मी भरलेला हंडा तिच्या हातातून घेतला आणि माझा लावला.

तो पावसाळा वाईट गेला. आषाढापासून डोंगर ढगात बुडाला, लाकडं सुकायचं नाव घेईनात. मी घरोघर पंप लावत हिंडत होते. पंपातल्या हवा गाळायच्या जाळ्या संध्याकाळी काढल्या की काळ्याकुट्ट निघायच्या. ओढा ओलांडून बोरठाणात गेलं की त्याच जाळ्या करड्या निघायच्या. वहिनीचं फुंकणं दर महिन्याला कमी पडत चाललं. श्रावणात ती झऱ्यावरून येताना वाटेत तीनदा बसू लागली. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी तिला स्वतःच्या गाडीतून तालुक्याला नेलं, डॉक्टरांना दाखवलं, ओढायचं औषध घेऊन दिलं. डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या आकसल्या आहेत, धुरापासून लांब राहा. वहिनीनं मान डोलावली, घरी आली आणि चूल पेटवली.

परतताना गाडीत मॅडम मला म्हणाल्या होत्या, "थोडे महिने राहिलेत, यमुना." त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या.

दोन वर्षं पुरी झाली. निकाल फार चांगला आला. मॅडम आनंदानं आमच्याकडे येऊन सांगून गेल्या, की इतका स्पष्ट फरक त्यांनाही अपेक्षित नव्हता. मग मुंबईत मोठा कार्यक्रम ठरला आणि दोन्ही गावांतून एकेक बाई बोलावली. बोरठाणातून तिथली एक बाई, आमच्याकडून हौसावहिनी, आणि सोबतीला मी. वहिनीनं ठेवणीतलं लुगडं काढलं. गावातल्या बायका निरोप द्यायला फाट्यापर्यंत आल्या. चुली कधी पाठवतायत ते विचारून या, एवढंच सगळ्यांनी सांगितलं.

हॉटेलातला थंडगार हॉल होता. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. मॅडमनी पडद्यावर बायकांच्या छातीच्या त्रासाची आकृती दाखवली. खालून एक हिरवी रेघ जात होती, वरून एक लाल. हिरवी रेघ बोरठाणची, लाल आमची. पावसाळ्याच्या महिन्यांत लाल रेघ कड्यासारखी सरळ वर चढली होती. मॅडम हातातल्या काडीनं दोन रेघांमधलं अंतर दाखवत होत्या. हेच आपलं यश आहे, असं त्या म्हणाल्या आणि हॉलमधले लोक उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या. लोक उभे राहिले म्हणून वहिनीही उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

मोठ्या बाई दिसत नव्हत्या. कळलं, की दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, आता त्या अंथरुणावरच असतात, बोलणं गेलंय. ट्रस्ट मुलगा बघतो. त्यानंच शेवटी भाषण केलं. आईचं स्वप्न पूर्ण झालं, चुलीचा प्रश्न शास्त्रानं सोडवला, आता आपण पुढचं पाऊल टाकू या, असं तो म्हणाला. पुढची पाच वर्षं ट्रस्टचा पैसा विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवरच्या संशोधनाला जाणार होता. पुन्हा टाळ्या झाल्या.

जेवणाच्या वेळी मी मॅडमना गाठलं. त्यांनी नजर टाळली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी चुलींचं विचारलं तेव्हा त्या मला थेट त्या मुलाकडेच घेऊन गेल्या. तो सभ्य माणूस होता. हातातली बशी बाजूला ठेवून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आमचा ट्रस्ट संशोधनाला पैसे देतो, वाटपाला नाही. चूल चांगली आहे हे सिद्ध झालं नसतं, तर मी आणखी पैसे दिले असते. पण आता सिद्ध झालंय. आता हे सरकारचं काम."

मॅडम म्हणाल्या, "पण तुमच्या आईंनी शब्द दिला होता. मी तिथे होते."

"मॅडम, तो कुठल्या ठरावात आहे का?" त्यानं विचारलं. आवाज जराही चढवला नाही. "आईनं आयुष्यात पुष्कळांना शब्द दिलेत. मी कुणाकुणाला पुरा पडणार?"

मॅडम आणखी काही बोलतील असं वाटून मी थांबले. त्यांचे ओठ हलले. पण त्यांच्या संस्थेतली वीस-पंचवीस माणसं याच ट्रस्टच्या पैशावर होती आणि बॅटऱ्यांचं कामही त्यांनाच मिळणार होतं, हे मला नंतर कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, की मी दुसरीकडे प्रयत्न करते, यमुना. त्यांनी केलेही असतील.

वहिनी लांब खुर्चीत बसून होती. जाऊन तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मोठ्या बाई लई आजारी हायत का?" मी हो म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

गावाला तोंड तिनंच दिलं. फाट्यावर बायका उभ्याच होत्या. चुली येणार नाहीत, असं तिनं सरळ सांगितलं. मी थांबा म्हटलं, म्हणून तुम्ही थांबलात, असंही म्हणाली. एकीनंही तिला वावगा शब्द ऐकवला नाही. पण त्यानंतर अंगणात बायका जमल्या तरी तिच्या बोलण्याची वाट बघत थांबेनाशा झाल्या.

बोरठाणच्या चुलींचं पुढे काय झालं तेही सांगते. पंखे बिघडले, दुरुस्त करायला कुणी नव्हतं. एकेका घरात जुनी चूल परत पेटली, लोखंडी चुलीवर कुणी हंडे ठेवले, कुणी तिच्याखाली कोंबड्या झाकल्या. दोनेक वर्षांत दोन्ही गावं पुन्हा सारखी झाली. पण ते मोजायला कुणी आलं नाही.

माझं मात्र भलं झालं. मॅडमनी लिहून दिलं, त्यांनी दोन ठिकाणी शब्द टाकला आणि मला तालुक्याच्या दवाखान्यात कायमची नोकरी लागली. मी खोली घेतली. वहिनीला दोनदा आणून ठेवलं, पण तिचा जीव रमायचा नाही. पुढे सरकारी गॅस आला. एक टाकी संपली, दुसरी आणायला दादापाशी कधी पैसे असायचे, कधी नसायचे. तोवर उशीरही झाला होता.

शेवटचे काही महिने ती माझ्याकडेच होती. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून उशांना टेकून बसूनच असायची. एकदा दुपारी मी ड्युटीवरून आले, तिच्यासाठी पेज केली, भरवायला बसले. ती माझ्या दवाखान्याच्या साडीकडे बघत होती.

"झ्याक दिसती तुला," म्हणाली. मग दम घेऊन म्हणाली, "त्या दिशी मी आत्ता द्या म्हनले असते, तर तुझं काम त्याच दिशी मोडलं असतं ना, यमे?"

मी चमचा वाटीत ठेवला. "वहिनी, तू म्हणाली होतीस की विचारलं म्हणून..."

"ते बी होतंच की. पन तुझा दादा तुला परत बाहेर काढनार, मला ठावं होतं. येक वरीस तर येक वरीस, म्हनलं तेवढ्यात तुझं कायतरी व्हईल." ती हसली, हसताना तिला पुन्हा उबळ आली आणि मी तिची पाठ चोळत बसले. ती उबळ फार वेळ टिकली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुढच्याच महिन्यात ती गेली.

गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला. पुष्कळ वर्षांनी आवाज ऐकला, थकलेला वाटला. चौकशी झाली, माझ्या बढतीचं ऐकून त्यांना खरंच आनंद झाला. मग कामाचं बोलल्या. परदेशातला एक मोठा ट्रस्ट पैसे देतोय. जन्मभर धुरात राहिलेल्या बायकांच्या छातीचं पुढे काय होतं, ते बघायचंय. असं गाव शोधून सापडत नाही, कारण सुरुवातीचे आकडे कुठेच नसतात. खडकओहोळचे आहेत. सगळ्या देशात असं दुसरं गाव नसेल, यमुना, असं त्या म्हणाल्या, आणि मला त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा उत्साह ऐकू आला. तू बायकांना ओळखतेस, तू बरोबर असलीस तर सोपं जाईल.

त्या पुढे म्हणाल्या,

"हौसाबाईंपासून सुरुवात करू. त्यांचे पहिल्या दिवसापासूनचे आकडे आहेत आपल्याकडे. आहेत ना त्या गावातच?"

"वहिनी गेली, मॅडम."

त्या म्हणाल्या, "अरेरे." मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कधी? श्वासानंच गेल्या का गं?"

त्यांना वाईट वाटलं होतं यात मला शंका नाही. त्या रडत असतील, तर तेही मी खरंच मानेन. पण त्या विचारण्यात दुःख किती होतं आणि नोंद किती होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

मी म्हटलं, "ते मी तुम्हाला सांगणार नाही, मॅडम."

आणि फोन ठेवून दिला.